भुंगा नव्हे, भुंगी!

घराच्या जुन्या वाशाला बोट जाईल एवढे गोल भोक आणि खाली सांडलेला भुसा तुम्ही पाहिला असेल. आपण म्हणतो, भुंग्याने पोखरले. हे आपल्या पूर्वजांनीही पाहिले होते. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरीत, पहिल्याच अध्यायात हा भुंगा भेटतो. कठीण लाकूड फोडणारा तो जीव नाजूक कळीत मात्र अडकतो. तसा अर्जुन स्नेहात गुंतला, असा तो दृष्टांत.

आता गंमत ऐका. लाकूड पोखरणारा तो नव्हे, ती! हे काम मादीचे. मधमाशीच्याच कुळातली ही; पण हिला ना पोळे, ना राणी. एकटीच बोगदा कोरते, पराग-मधाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते आणि भुशाचा पडदा लावून पुढची खोली धरते.

१७४२ साली रेओमूर या फ्रेंच पंडिताने अशा एकांड्या माशांच्या घरांचे बारीक वर्णन छापले. पुढे फाब्र (१८२३–१९१५) या शिक्षकाने त्यांच्यासाठी बोरूच्या नळ्या मांडल्या. माशा राहायला आल्या. नळ्या चिरून पाहिल्या, तो आतल्या खोल्यांत माद्या आणि दाराजवळ नर! आज शहरांत ‘माशांचे हॉटेल’ म्हणून विकतात, त्याचे मूळ अशा नळ्यांत दिसते.

आणि आपल्याकडे? भिवंडीजवळच्या वळ गावी जा. शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली. लोखंडी कैचीला आणि पत्र्याला भुंगी काय पोखरणार? पण बांधावरच्या तुरीला, परसातल्या वांग्याला या माशा हव्यात, बरं का. त्या फुलांवर आल्या की शेंग आणि फळ चांगले धरते.

तेव्हा गुरुजी, एवढे करा. एका बाजूला पेर बंद असलेली, वीतभर लांबीची, कमी-जास्त जाडीची बांबूची कांडी घ्या. जुडी बांधून पावसाची झड लागणार नाही अशा वळचणीला, उगवतीकडे तोंड करून टांगा. पान कापणारी माशी आली, तर हिरव्या चकत्यांनी एखादे तोंड बुजलेले दिसेल. तो दिवस मुलांना वहीत लिहू द्या. दार उघडेल तोही लिहू द्या.

रेओमूर आणि फाब्र यांनी तरी दुसरे काय केले? पाहिले, आणि लिहून ठेवले.