इलेक्ट्रॉनिक सिटीच्या माळावरची फुले

बेंगळुरूच्या दक्षिणेला होसूर रस्त्यालगत कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात १९७८ साली इलेक्ट्रॉनिक सिटी वसवायला सुरुवात झाली. जागा होती ३३२ एकर. कर्नाटक सरकारच्या ‘केऑनिक्स’ या महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची ही कल्पना. त्याआधी या परिसरात नाचणीची कोरडवाहू शेते, लाल मातीचे माळ, खडकाळ उंचवटे आणि पावसाचे पाणी अडवणारे तलाव होते. गावाबाहेर ‘गुंडुतोपू’ असे, म्हणजे आंबा, चिंच, जांभूळ, करंज यांची सामाईक राई. वाटसरू तिथे टेकत, गुरे सावलीला बसत, झाडांच्या फळांवर साऱ्या गावाचा हक्क असे. पारावर पिंपळ आणि कडुनिंब शेजारी-शेजारी वाढवून त्यांच्या बुंध्याशी नागशिळा मांडण्याची चाल आजही टिकून आहे. देशी झाडे सांभाळणारी ही या भागातली सर्वांत जुनी व्यवस्था. तिला घटना नव्हती की वर्गणी नव्हती.

नोंदणीकृत संस्थांचा इतिहास मात्र निराळ्या दिशेने गेला. हैदरअलीने १७६० साली बेंगळुरूत लालबाग ही बाग वसवायला घेतली आणि टिपूने देशोदेशींची रोपे मागवून ती वाढवली. कमिशनर मार्क कबन याने १८३६ मध्ये ही बाग एका कृषी-उद्यानविद्या संस्थेच्या हवाली केली. ती संस्था १८४२ पर्यंतच टिकली. १८५६ मध्ये लालबाग सरकारी वनस्पती उद्यान झाली, इंग्लंडच्या क्यू उद्यानात तयार झालेले अधिकारी येऊ लागले आणि बाहेरून आणलेली झाडे इथल्या हवेत रुजवून पाहणे हेच उद्यानाचे मुख्य काम ठरले.

या परंपरेतले सर्वांत मोठे नाव गुस्ताव क्रुंबिगल यांचे. ड्रेस्डेनजवळ जन्मलेला हा जर्मन उद्यानतज्ज्ञ क्यूमधून आधी सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात आला आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सेवेत रुजू झाला. वर्षाच्या प्रत्येक महिन्यात शहरातला कोणता ना कोणता रस्ता फुललेला असावा, या हिशेबाने त्यांनी झाडांचा क्रम लावला. पुढे जॅकरँडा, गुलाबी टॅबेबुया, गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष ही बेंगळुरूची ओळखच बनली. यातला गुलमोहर मादागास्करचा, बाकीचे अमेरिका खंडातले. १९१२ मध्ये क्रुंबिगल यांच्याच पुढाकाराने म्हैसूर उद्यानविद्या संस्था स्थापन झाली. लालबागेच्या काचघरात प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाला भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांमागे हीच संस्था आहे. लोकांना फुलांची गोडी लावण्याचे या संस्थेचे काम मोठे आहे, यात शंका नाही. पण प्रदर्शनात मान मिळाला तो कुंडीतल्या बागायती फुलांना. माळावरच्या फुलांना तिथे जागा नव्हती.

माळावरच्या फुलांची दखल घेतली ती वनस्पतिशास्त्रज्ञांनी. व्ही. एस. रामस्वामी आणि बी. ए. रझी यांचा बेंगळुरू जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ म्हैसूर विद्यापीठाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. सेंट जोसेफ महाविद्यालयातले फादर सेसिल साल्डाना यांचा हासन जिल्ह्यावरचा ग्रंथ १९७६ मध्ये आला. म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिटीचा पहिला आराखडा कागदावर उतरला, तेव्हा इथल्या जमिनीवर काय उगवते याची यादी छापून तयार होती. ती यादी आणि तो आराखडा एकत्र आले असते, तर आज कंपन्यांच्या आवारांचे रूप वेगळे दिसले असते. प्रत्यक्षात हिरवळ आली, पाम आले आणि शोभेची झुडपे आली. हिरवळीला बारा महिने पाणी लागते, तेही तलाव आटत चाललेल्या भागात.

या सजवलेल्या बागांबाहेर उपद्रवी पाहुणेही पसरत होते. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आली आणि देशभर माजली. जवळच्या बन्नेरघट्टा जंगलातही तिची दाटी आहे. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा पुण्यात नजरेला आले आणि काही वर्षांत बेंगळुरूचे रिकामे भूखंड त्याने व्यापले. त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगेरा भारतात पहिल्यांदा सोडला गेला तो १९८४ मध्ये, बेंगळुरूतच. त्याने काही ठिकाणी गवताचा जोर कमी केला, पण गवत हटले नाही.

तरीही पाऊस पडला की जुना माळ डोके वर काढतो. बेंगळुरूला पावसाचे दोन भर असतात, एक मे महिन्यात आणि दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरात. दुसऱ्या भरानंतर कुंपणाच्या कडेला आणि बांधकाम थांबलेल्या भूखंडांवर द्रोणपुष्पी दिसते. कन्नडमध्ये ती तुंबे. चौकोनी खोडाला ठरावीक अंतरावर फुलांचे गोल झुबके लागतात. प्रत्येक फूल जेमतेम नखाएवढे, पांढरेशुभ्र. वरचा ओठ लहान आणि लोकरी लवेचा, खालचा पसरट, मधमाशीला बसायला जागा देणारा. शंकराला हे फूल वाहतात, म्हणून खेड्यातल्या बायका ते उपटत नाहीत, वेचतात. तरवड दगडाळ, कोरड्या जमिनीवर तग धरतो. त्याची पिवळीधमक फुले लांबून ओळखू येतात आणि साल पूर्वी कातडे कमावायला नेत. रुईच्या पानांवर काळ्या कडांची केशरी फुलपाखरे अंडी घालतात. त्यांच्या अळ्यांना हिरवळ काय कामाची? कुर्डू, शंखपुष्पी आणि कुंपणावर चढणारी कळलावी हीसुद्धा याच मातीची फुले. कळलावीचा कंद मात्र अतिशय विषारी असतो, त्यामुळे मुले खेळतात तिथे ती लावू नये.

देशी वनस्पतींसाठी नागरिकांनी संघटित होण्याची कल्पना जगात नवी नाही. कॅलिफोर्नियातली अशी संस्था १९६५ पासून काम करते आहे. बेंगळुरूत हे काम एका संस्थेच्या नावावर नाही, ते अनेक हातांत विभागलेले आहे. देशी औषधी वनस्पतींचे जतन आणि घरोघरी त्यांची लागवड यासाठी येलहंका भागातली एक संस्था १९९० च्या दशकापासून झटते आहे. २०१४ मध्ये नागरिकांनी ‘नेरळु’ हा वृक्षोत्सव सुरू केला. नेरळु म्हणजे सावली. झाडे ओळखत केलेल्या पदभ्रमणांतून शेकडो लोकांना देशी आणि परदेशी झाडांतला फरक कळू लागला.

इलेक्ट्रॉनिक सिटीत रानफुलांची बाग करायला खर्च फार येत नाही. द्रोणपुष्पी आणि कुर्डूचे बी वाळलेल्या झुबक्यांतून झटकून घेता येते. तरवडाच्या बियांचे कवच कठीण असते. त्यांच्यावर गरम पाणी ओतून त्या रात्रभर भिजत ठेवल्या की चांगल्या उगवतात. पेरणी मेच्या पहिल्या सरींनंतर करावी. खत नको, उलट सुपीक मातीत ही झाडे नुसती पानोऱ्याला लागतात. बी धरून सांडेपर्यंत कापणी टाळली, तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरावे लागत नाही. इथल्या कंपन्यांनी आणि गृहसंकुलांनी हिरवळीचा निदान एक कोपरा या फुलांना द्यावा आणि माळ्याला तिथे गवतकापणीचे यंत्र डिसेंबरपर्यंत चालवू नये असे सांगून ठेवावे.