रगडण्याची विद्या : हातापासून यंत्रापर्यंत



ठाणे स्टेशनात पूर्वेच्या बाजूला उतरलं, की कोपरी लागते. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला खाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी याच ठाण्याला येऊन थांबली. शेजारी चेंदणीचा कोळीवाडा आहे, आणि मीठबंदर हे नाव तर इथल्या रस्त्याला आजही आहे. जाळं ओढायचं, मिठाची पाटी डोक्यावर घ्यायची, अशी कामं जिथे पिढ्यान्‌पिढ्या झाली, तिथल्या माणसांना पाठदुखी नवी नाही. दुखरी पाठ कुणाकडून तरी रगडून घेणं, हेही नवं नाही.

अशा वस्तीतल्या केशकर्तनालयात आपण एक यंत्र पाहिलं असेल. कारागीर ते आपल्या हाताच्या पाठीवर चढवतो, बटण दाबतो, आणि त्याची बोटं थरथरू लागतात. मग तो मानेवरून, खांद्यावरून हात फिरवतो. हात माणसाचा आणि थरथर विजेची! या जोडीचा इतिहास आज आपण थोडक्यात पाहू.

आपल्याकडे या विद्येचं जुनं नाव अभ्यंग. दिवाळीच्या पहाटे आपण जे अभ्यंगस्नान करतो, त्यातला हा शब्द. चरकसंहितेत तेल लावलेल्या शरीराला वंगण दिलेल्या गाडीच्या आसाची उपमा दिली आहे. शेतकरी बांधवांना ती वेगळी समजावून सांगायला नको. वाग्भटाने रोज अभ्यंग करायला सांगितलं. डोकं, कान आणि पाय यांना विशेष. पण त्याच ठिकाणी त्याने हेही सांगून ठेवलं, की अजीर्ण झालं असता किंवा कफ वाढला असता अभ्यंग करू नये. कधी रगडावं यासोबत कधी रगडू नये, हेही त्या शास्त्राला ठाऊक होतं. एवढं ध्यानात ठेवा; पुढे याचं काम पडणार आहे.

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या स्नानाआधीच्या मर्दनाचं वर्णन आलं आहे. त्याची राजधानी कल्याणी. ती म्हणजे आपल्या शेजारचं कल्याण नव्हे बरं का! ते बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. राजवाड्यातली ही विद्या घराघरांतही होतीच. बाळ-बाळंतिणीला तेल चोळणारी बाई आणि तालमीत एकमेकांचं अंग रगडणारे पठ्ठे आपण सर्वांनी पाहिले आहेत.

ही विद्या साता समुद्रांपलीकडेही गेली. पाटण्याला १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडात ब्रायटन गावी स्थायिक झाले. तिथे त्यांनी वाफेचं स्नान आणि अंगमर्दन यांचं स्नानगृह चालवलं. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज हाही त्यांच्याकडून उपचार घेई. ‘शांपू’ हा शब्द मूळ हिंदी ‘चांपना’ म्हणजे दाबणे, चेपणे यावरून इंग्रजीत गेला. आज आपण त्याला बाटलीतला साबण समजतो. पण आरंभी त्याचा अर्थ अंग रगडणे असाच होता.

आता यंत्राकडे वळू. स्वीडन देशात गुस्ताव झांडर नावाचे डॉक्टर होते. एक माणूस दिवसाकाठी किती जणांना रगडणार? हात थकतातच. म्हणून त्यांनी मळणारी, ठोके देणारी, थरथरवणारी यंत्रं बनवली आणि १८६५ साली स्टॉकहोमला आपली संस्था काढली. पुढे ही यंत्रं वाफेच्या शक्तीवरही चालू लागली. १८८०नंतर लंडनच्या डॉ. ग्रॅनव्हिल यांनी विजेच्या बॅटरीवर ठोके देणारं छोटं यंत्र वापरात आणलं. आजच्या हातात धरायच्या यंत्रांचं ते पूर्वजच म्हणायचं.

पण रगडल्याने बरं का वाटतं? दाराला अंगठा आपटला, की आपण तो लगेच चोळतो. शिकवावं लागतं का कुणाला? १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी याचं एक स्पष्टीकरण मांडलं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक वेस आहे. स्पर्शाचे आणि थरथरीचे संदेश तिथे आले, की दुखण्याच्या संदेशांना वाट अपुरी पडते. दुखणं त्याने कमी जाणवतं. मूळ कारण मात्र जागेवरच राहतं. म्हणून मालिशचा आराम खरा असला, तरी बहुधा थोड्या वेळापुरता असतो.

आपल्याकडे या विषयाला शास्त्रीय शिक्षणाची जोड मिळाली ती मुंबईत. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५२ साली भौतिकोपचाराचं विद्यालय निघालं. त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. त्या काळी पोलिओने अनेक मुलं लुळी पडत होती. आजार ताजा असताना, स्नायू दुखरे असताना त्या मुलांना रगडायचं नसतं. हालचाल शिकवायची ती पुढे, बेताबेताने. घरची माया तेलाची वाटी घेऊन धावे. तिला थांबवणारं जाणतं माणूस हवं असे. तीच जाणती माणसं या विद्यालयाने घडवली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण तो धडा जुना झालेला नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, गावात हे आवर्जून सांगा. हाड मोडल्याची शंका असेल, तर चोळू नका. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल, तर हात किंवा यंत्र लावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. ताप, जखम, न कळणारी गाठ असली, किंवा पाठदुखीबरोबर पाय बधिर होत असले, तर आधी डॉक्टरला दाखवा. यंत्र दुखऱ्या स्नायूवर थोडाच वेळ फिरवा; हाडावर, कण्यावर किंवा गळ्याच्या पुढच्या बाजूवर नको. दगड फोडण्याचं थरथरतं यंत्र वर्षानुवर्षं हाती धरणाऱ्या कामगारांची बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. थरथर तीच, फरक मात्रेचा.

थकलेल्या माणसाला हात किंवा यंत्र, दोन्ही सुख देतील. पण रगडणाऱ्याच्या हाताला समोरचं अंग आखडलेलं, सुजलेलं, तापलेलं कळतं. यंत्राला ते कळत नाही. म्हणून बटण दाबण्याआधी दुखऱ्या जागेवर एकदा हात ठेवून पाहा.