एक यंत्र, अनेक हात : प्रस्तावना

नोंदवही, गजर, हिशेब आणि खेळ हे सगळे तळहातावर मावणाऱ्या एकाच यंत्रात कसे आले, हा या अभ्यासाचा विषय. वरवर तो संगणकशास्त्राचा वाटतो. पण दोन पावले आत गेले की घरखर्च, शेतीचे वेळापत्रक आणि पोरांची सुट्टी यांच्याशी गाठ पडते. म्हणून संगणकाची पदवी नसलेल्या वाचकाने बिचकू नये. त्याचेही इथे मनापासून स्वागत आहे.

आधी थोडा इतिहास. ब्रिटनच्या सायऑन कंपनीचा ‘ऑर्गनायझर’ १९८४चा, तर पाम पायलट १९९६चा. पत्ते, नोंदी, हिशेब हाच मुख्यतः त्यांचा संसार. खेळाची वाट निराळी होती. निन्टेंडोचा गेम बॉय १९८९ मध्ये आला. आपल्याकडे पहिली वाट साहेबांच्या खिशातल्या डिजिटल डायरीने दाखवली, तर दुसरी ‘९९९९ गेम’ असे छापलेल्या स्वस्त ब्रिक गेमने.

२००३ मध्ये दोन्ही वाटा मुद्दाम जोडल्या गेल्या. पाम कंपनी सोडून आलेल्या मंडळींच्या टॅपवेव्हने झोडियाक हे यंत्र काढले : पामची कार्यप्रणाली, आडवा रंगीत पडदा, अंगठ्याने फिरवायची जॉयस्टिक. त्याच वर्षीच्या नोकिया एन-गेजमध्ये फोन, दिनदर्शिका आणि खेळ एकत्र होते. पण खेळाचे कार्ड बदलायचे तर बॅटरी काढावी लागे. झोडियाक २००५ मध्येच बंद पडले आणि एन-गेजनेही कंपनीची निराशा केली.

गंमत अशी की, २००३ मध्येच नोकिया ११०० बाजारात आला. त्यात गजर, कॅल्क्युलेटर, टॉर्च आणि स्नेकचा साप होता, शिवाय धूळ आत जाऊ नये अशी कळफलकाची बांधणी. काम आणि खेळ यांचा संगम म्हणून त्याची ओळख कोणी करून दिली नाही, तरी जगभर त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. माणसांनी तो बोलण्यासाठी घेतला. वही आणि खेळ त्यासोबत आपसूक घरात आले.

हा अभ्यास यवतमाळसारख्या जिल्ह्यातून करावा, असा आमचा आग्रह आहे तो याचसाठी. झोडियाकच्या कर्त्यांनी एकच मालक गृहीत धरला होता : दिवसा कामाचा, संध्याकाळी खेळाचा. इथल्या घरात मात्र एकाच मोबाइलला अनेक मालक असतात. पंपाला रात्रीची वीज मिळते तेव्हा कास्तकार मोबाइलच्याच उजेडात वावरात जातो, आणि सकाळी तोच फोन पोट्ट्याच्या हाती असतो.

एका फोनमागचे हे अनेक हात पुढे कंपन्यांनाही दिसू लागले. २००७ मध्ये रॉयटर्स मार्केट लाइटने महाराष्ट्रात बाजारभाव आणि हवामानाचे मराठी एसएमएस सुरू केले. २००९ मध्ये नोकियाने लाइफ टूल्स सेवेची सुरुवात महाराष्ट्रातून केली. तिच्यात शेती, शिक्षण आणि करमणूक एकाच मेनूत होती.

आजचे चित्र जवळून पाहा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे ॲप राज्यभर आले. कास्तकार वावरात उभा राहतो, गट क्रमांक निवडतो, पऱ्हाटी (कपाशी) की सोयाबीन ते नोंदवतो, फोटो काढतो. ती नोंद सातबाऱ्यावर चढते. त्याच पडद्यावर शेजारी लुडो किंग असतो, नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ मध्ये काढलेला. नेट नसले तरी एकाच फोनवर आळीपाळीने चौघे खेळू शकतात. एकच मालक धरून चाललेल्या झोडियाकच्या कल्पनेत न बसणारी सोय ती हीच.

तेव्हा नव्या अभ्यासकाने यंत्रात काय काय आहे याची यादी करून थांबू नये. फोन कोणाच्या नावावर आहे, रिचार्ज कोण मारतो, बॅटरी उतरत आली की आधी कोणाचे काम थांबते, घरातल्या बाईच्या हाती तो केव्हा येतो, हे विचारावे. मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि गोरमाटी बोलणाऱ्या या जिल्ह्यात पडद्यावरची भाषा कोणाला वाचता येते, हेही पाहावे. या प्रश्नांना तयार उत्तरे नाहीत, आणि नव्या अभ्यासकाला इथे भरपूर वाव आहे तो त्यामुळेच. सुरुवात स्वतःच्या घरातल्या फोनपासून केली तरी चालेल.