तुमच्या बॅटरीतलं इलेक्ट्रोलाइट कॉम्प्युटरवर कसं शोधतात?

गेल्या मे महिन्यात कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन बाहेर आलो. धबधबा कोरडा, दगड तापलेले. व्हिडिओ काढायला गेलो तर फोनने तापमानाचा इशारा देत कॅमेराच बंद केला. पॉवर बँक लावली, चार्जिंगही घेईना. माझं काम सॉफ्टवेअरचं, पण त्या दिवशी डोक्यात शिरलं ते बॅटरीतलं इलेक्ट्रोलाइट.

बॅटरीच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये लिथियमचे आयन ज्यातून ये-जा करतात ते हे द्रव. त्यात बहुधा लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार कार्बोनेट द्रावकांत विरघळवलेला असतो. त्यातलं इथिलीन कार्बोनेट मोठं गमतीशीर: एकटं असेल तर साधारण ३६ अंशांखाली ते घट्ट होतं! म्हणून डायमिथाइल कार्बोनेटसारखं पातळ द्रव मिसळतात. पण ते चटकन पेट घेतं. वर उष्णता वाढली की क्षाराचं विघटन होतं, वायू तयार होतात, बॅटरी फुगू शकते. एक गुण सुधारावा तर दुसरा बिघडतो.

शक्य मिश्रणं अगणित, सगळी बनवून बघणं अशक्य. म्हणून आधी सिम्युलेशन. डीएफटी या पद्धतीने रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचं गणित मांडलं की तो किती व्होल्टेजपर्यंत टिकेल याचा अंदाज येतो. आयन किती सहज सरकतात हे मॉलिक्युलर डायनॅमिक्स दाखवतं. त्यात अणूंना एकेक फेम्टोसेकंदाने पुढे नेलं, तर एका नॅनोसेकंदासाठी १० लाख पावलं पडतात! अशा हिशेबांना पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म'सारखे सुपरकॉम्प्युटर लागतात. मशीन लर्निंग इथे वेळ वाचवतं: डीएफटीची हजारो उत्तरं पाहून मॉडेल नव्या रेणूचं उत्तर झटक्यात सांगतं.

२०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने ३.२ कोटी पदार्थ चाळून १८ उरवले. त्यातलं एक घन इलेक्ट्रोलाइट प्रत्यक्ष बनवून तपासलं. त्याआधी, २०२२ मध्ये, कार्नेगी मेलनच्या 'क्लिओ' रोबोटने द्रवं स्वतः मिसळून, मोजून, पुढचं मिश्रण स्वतःच ठरवत दोन दिवसांत ४२ प्रयोग केले. फास्ट चार्जिंगसाठी सहा मिश्रणं सापडली. मला क्लिओ जास्त भावतो, कारण त्याचा प्रत्येक अंदाज लगेच खऱ्या मोजमापाला भिडतो.

नाहीतर मॉडेल फसतं. त्याला २५ अंशांचाच डेटा दिला, तर बीडच्या ४२ अंशांत काय होईल हे ते ठामपणे सांगेल आणि चुकेल. आपल्या उन्हाळ्याचा डेटा कुणीतरी मुद्दाम घालायला हवा.

तोवर तापलेला फोन चार्जिंगला लावू नका. फ्रिजमध्ये तर नकोच, आत दव धरतं. कव्हर काढून सावलीत ठेवा. मी मंदिराच्या ओसरीत ठेवला होता, थोड्या वेळाने चालू झाला.