भूल देण्याआधीचा तास

आजचा भाग ऑपरेशनबद्दल आहे, पण पोटावर सुरी लागते तिथे आपण थांबणार आहोत. आपल्याला बघायचंय ते त्याच्या आधीचं. पेशंट कॉटवर पडलाय, घरचे दारात उभे आहेत आणि सिस्टर ये-जा करतायत, तो वेळ. इतिहासात त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. पण एका रात्रीचं वर्णन आपल्याकडे चांगलं टिकून आहे.

१२ जानेवारी १९२४, पुणे. येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या गांधीजींना अपेंडिक्सचा त्रास वाढला म्हणून ससूनमध्ये हलवलं होतं. सर्जन कर्नल मॅडॉक म्हणाले, आज रात्रीच ऑपरेशन करावं लागेल. आता सरकारची अडचण बघा. कैदी एवढा मोठा, सर्जन इंग्रज, आणि टेबलवर काही बरंवाईट झालं तर? सगळा देश म्हणणार, मारलं. गांधीजींच्या ओळखीचे डॉक्टर दलाल आणि डॉक्टर जीवराज मेहता यांना मुंबईहून बोलवायचा प्रयत्न झाला, पण तेवढा वेळच हातात नव्हता.

मग श्रीनिवास शास्त्रींना बोलावलं. ते भारत सेवक समाजाचे, राजकारणात मवाळ, म्हणजे गांधीजींशी मतभेद असलेलेच. कॉटशेजारी बसून एक निवेदन तयार झालं. त्यात होतं की मला माझे डॉक्टर बोलवायची मुभा दिली होती, डॉक्टरांवर माझा पूर्ण विश्वास आहे आणि ऑपरेशनला माझी संमती आहे. शास्त्रींनी ते वाचून दाखवलं. मग गांधीजींनी मॅडॉकना जवळ बोलावून परत एकदा वाचायला लावलं. नंतर गुडघे वर घेऊन पेन्सिलीने सही केली. हात इतका थरथरत होता की इंग्रजी सहीतल्या शेवटच्या अक्षरावरचा टिंब द्यायचाच राहिला. ते डॉक्टरांना म्हणाले, बघा हात कसा कापतोय, हे तुम्हालाच नीट करावं लागेल. डॉक्टरही हसून म्हणाले, भरपूर ताकद भरू तुमच्यात.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते दोनदा वाचणं. सही पेशंटची, आणि तीही ऐकून, समजून घेतल्यावर. आपल्याकडे आजही काय होतं? "पेशंटबरोबर कोण आहे? या, इथे सही करा." आणि बाई तिथेच शुद्धीवर बसलेली असताना मुलगा नाहीतर नवरा सही करतो. सुप्रीम कोर्टाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट सांगितलं की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या पेशंटच्या ऐवजी तिच्या आईने दिलेली संमती चालत नाही. जिवाचाच धोका असेल तर गोष्ट वेगळी. हा निकाल प्रत्येक वॉर्डात चिकटवायला हवा, असं माझं मत आहे.

आता जरा आपल्या बाजूला येऊ. आमचं वाटूर परतूर तालुक्यात. हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता (जालना जिल्हा झाला १९८१ ला). त्या काळी भूल द्यायला क्लोरोफॉर्म वापरायचे, आणि त्यावरची जगात गाजलेली तपासणी हैदराबादला झाली, ती १८८८ आणि १८८९ चे क्लोरोफॉर्म कमिशन. पैसा निजामाचा, पुढाकार सर्जन एडवर्ड लॉरी यांचा. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी निष्कर्ष काढला की नाडीकडे नको, श्वासाकडे बघा, कारण आधी श्वास थांबतो आणि मग हृदय. रूपाबाई फर्दुनजी याच लॉरींच्या विद्यार्थिनी. भूलतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या जगातल्या पहिल्या बाई त्याच, असं बरेच जण मानतात.

पण निष्कर्ष अर्धाच बरोबर निघाला. क्लोरोफॉर्मने गेलेली पहिली पेशंट म्हणून जिची नोंद आहे ती हॅना ग्रीनर, १५ वर्षांची इंग्लिश मुलगी. १८४८ साली नुसतं पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. ती आधीच प्रचंड घाबरलेली होती. भूल दिल्यावर काही मिनिटांतच गेली. तिचं नेमकं काय झालं यावर आजही वाद आहे. पण १९११ साली गुडमन लेव्ही यांनी प्रयोगातून दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना अंगात अॅड्रेनलिन वाढलं तर हृदयाची लय बिघडून ते थेट बंद पडू शकतं. आणि अॅड्रेनलिन कधी वाढतं? भीतीने!

म्हणजे कॉटशेजारी उभं राहून "घाबरू नका, मी आहे इथे" म्हणणारी नर्स फक्त प्रेमळपणा करत नव्हती, ती जीव वाचवत होती. लेव्हींच्या कितीतरी आधीपासून.

तसंच उपाशी ठेवण्याचं. "थोडा चहा चालतो हो" म्हणत कप पुढे करणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. भूल चढल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. न्यूयॉर्कच्या मेंडेलसन यांनी १९४६ ला बाळंतपणातल्या अशा ६६ केसेस मांडल्या. त्यानंतर हा नियम फारच कडक झाला. आता थोडा सैल झालाय, साधं पाणी बऱ्याचदा दोन तास आधीपर्यंत चालतं. पण ते तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं, मावशींनी नाही. काही गोष्टी तर उलट्याच झाल्या. आदल्या दिवशी वस्तऱ्याने केस काढणं ही एके काळी ठरलेली पद्धत होती. बारीक कापलेल्या जागी जंतू वाढतात हे कळल्यावर आता शक्यतो केस काढतच नाहीत, काढलेच तर मशीनने.

हे सगळं करणाऱ्या बायका आल्या कुठून? पुण्यात १९०९ ला रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभं केलं. देवधरही शास्त्रींच्याच भारत सेवक समाजातले. सेवासदनाने विधवा आणि गरजू बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. तेव्हा चांगल्या घरातल्या बाईने परक्या माणसाचं अंग पुसायचं, मलमूत्र काढायचं, तेही कोणत्याही जातीच्या माणसाचं, हे लोकांना झेपत नव्हतं. शाळामास्तरीण होणं त्या मानाने सोपं होतं.

आणि १२ जानेवारीच्या रात्री? ऑपरेशन चालू असताना वादळ झालं आणि लाइट गेली. एका नर्सने टॉर्च धरला. मग तोही विझला आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला. मॅडॉकचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे. टॉर्च धरणारी मात्र गोष्टीत "एक नर्स" म्हणूनच येते.

आज जागतिक आरोग्य संघटनेची सर्जरीची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आहे, २००८ पासूनची. आम्ही सॉफ्टवेअरवाले रिलीजच्या आधी जशी टिकमार्क करतो तशीच, फक्त इथे रोलबॅक नसतो. त्यातला पहिला मुद्दा, पेशंटने स्वतः नाव, ऑपरेशन, जागा आणि संमती सांगायची. माझ्या आजीचं हर्नियाचं ऑपरेशन होतं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आजी, नाव सांगा बरं." आजी वैतागली, "आवो बाई, सकाळपून तिसऱ्यांदा इचारताय, नाव बदललं का माझं?" सिस्टर हसल्या, "बदललं नाही ना, तेच बघतेय. आता कुठल्या बाजूचं ऑपरेशन, ते सांगा." आजीने उजवीकडे हात ठेवला. सिस्टरांनी कागद बघितला, मान हलवली, आणि मग आजीचा हात धरून ठेवला, आत नेईपर्यंत.

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर रक्त पातळ करायची गोळी, शुगरची गोळी, कशाची अॅलर्जी, आणि गुपचूप प्यायलेला चहासुद्धा, सगळं सिस्टरला सांगा. रागावल्या तरी सांगा. भेटू पुढच्या भागात.