वाटेवरील खुणा व थांबण्याचा धर्म

रस्त्यांचा इतिहास लिहितांना ते कोणीं बांधले व त्यांवरून कोणतें सैन्य गेलें, एवढेंच बहुधा नमूद होतें. वाटसरूनें वाट कशी ओळखली आणि थकल्यावर तो कोठें थांबला, या गोष्टींची दखल क्वचितच घेतली जाते. नांदेड व लातूर या मराठवाड्यांतील दोन जिल्ह्यांच्या संबंधानें या उपेक्षित बाजूचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. खेड्यापाड्यांतील रस्त्यांवरच्या पाट्या व तेथें वाहन उभें करण्याची मनाई, हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

लातूरच्या पश्चिमेस असलेलें तेर म्हणजेच प्राचीन तगर नगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तें असल्याचें सांगितलें आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असे आणि वाटेंतील विस्तीर्ण प्रदेशांत रस्ताच नव्हता, असेंहि ग्रंथकार म्हणतो. रस्ता नव्हता, परंतु व्यापार होता! याचा अर्थ असा कीं, वाटेचें ज्ञान गाडीवानाच्या स्मरणांत सांठविलेलें होतें. गांवची शीव, शेंदूर फांसलेला दगड, एखादी बारव, एखादा जुना वड, ह्याच त्याच्या पाट्या.

थांबण्याचीहि रीत ठरलेली होती. धान्य व मीठ बैलांच्या पाठीवर लादून दक्षिणेंत हिंडणारे बंजारा समाजाचे तांडे पाणी व चारा पाहून मोकळ्या माळावर उतरत आणि गोण्या रचून मध्यें वस्ती करीत. भर वाटेंत मुक्काम ठोकण्यांत कोणाचेंच हित नव्हतें. धर्मशाळा, पार व गांवाबाहेरील तळ हींहि थांबणाऱ्यासाठींच राखलेलीं स्थळें होतीं. मनाईची पाटी नव्हती, कारण थांबण्यास जागा होती.

पुढें लोहमार्ग आला. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यांतील रेल्वेनें नांदेड हैदराबाद व मनमाड यांस जोडलें गेलें. १९११ सालीं बार्शी लाईट रेल्वे लातुरास पोहोंचली, आणि आसपासचीं गाडीवाटा स्टेशनाकडे वळल्या. १९३२ सालीं निजाम सरकारच्या रेल्वेनें सत्तावीस मोटारगाड्यांनिशीं प्रवासी वाहतूक सुरू केली. खरी क्रांति या मोटारीनें केली. बैलगाडी तासांत दोन-तीन मैल चाले; समोर कांहीं आडवें आलें तर बैल आपण होऊन थबकत. तासास साठ किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार एका सेकंदांत सुमारें सतरा मीटर पुढें जाते. धोका डोळ्यांस दिसेपर्यंत थांबलें तर उशीर होतो. म्हणून तो आधींच सांगणारी खूण लागते. रस्त्यावरील पाटी ही अशी वेगाची अपत्य आहे.

या नव्या गरजेचा विचार देशांत होऊं लागला त्यांत महाराष्ट्राचा भाग मोठा आहे. १९२७ सालीं नेमलेल्या रस्तेविषयक समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते. तिच्या शिफारशींतूनच १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस जन्मास आली. १९४३ सालीं नागपूर येथें भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेनें राष्ट्रीय महामार्गापासून खेड्याच्या रस्त्यापर्यंत वर्गवारी ठरविली. चिन्हांची भाषाहि ठरत गेली: तांबड्या कडेचा त्रिकोण सावध करतो, वर्तुळ आज्ञा देतें, निळा चौकोन माहिती पुरवितो. निळ्या वर्तुळावर एक तांबडी तिरपी रेघ असल्यास वाहन उभें करून ठेवूं नये. दोन रेघांची फुली असल्यास क्षणभरहि थांबूं नये. जेथें १९४८ पर्यंत दरबारची भाषा उर्दू व घरची मराठी होती, त्या प्रांतास अक्षरांवांचून बोलणाऱ्या चिन्हाची योग्यता निराळी सांगावयास नको.

परंतु पाटी नाहीं तेथें मुभा आहे, ही समजूत मात्र चुकीची होय. १९८९ च्या वाहतूक नियमांनीं वळणावर, चढाच्या माथ्यावर, कमानदार पुलावर, चौकाजवळ, तसेंच दुसरी पाटी झांकेल अशा ठिकाणीं वाहन उभें करण्यास मनाई केली. तेथें फलक असण्याची अट नाहीं. २०१७ च्या नव्या नियमावलीनेंहि हें तत्त्व सोडलेलें नाहीं.

असें असूनहि ऊंसाच्या हंगामांत या दोन्ही जिल्ह्यांतील रस्त्यांवर काय दिसतें? कणा मोडलेली ट्रॉली रात्रीं दिव्यावांचून उभी असते. मागें चार दगड व बाभळीची फांदी ठेवलेली असते. गाडी हलते, दगड तसेच राहतात, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव जातो. दोष निष्काळजीपणाचा आहेच. तथापि तो सर्वस्वी गाडीवानाच्या माथीं मारून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, नांदेड असा जाणारा महामार्ग रुंद झाला. पण जुन्या तळाच्या जागीं ओझ्याच्या गाडीनें उतरावें असें स्थळ कोठें किती ठेविलें, हेंहि विचारलें पाहिजे. मनाईची पाटी उभारण्यास एक खांब पुरतो. ती पाळतां यावी म्हणून जमीन राखावी लागते. आमच्या पूर्वजांनीं हें दुसरें काम आधीं केलें होतें. ट्रॉलीच्या मागें चकाकती पट्टी, रस्त्यालगत दर कांहीं अंतरावर थांब्याची मोकळी जागा, आणि काम संपतांच दगड उचलण्याची संवय, इतकें झालें तरी पुष्कळ घरांतील दिवे विझणार नाहींत.