सवलतीची मुदत

मार्च 2020 च्या अखेरीस भारतातल्या वैमानिकांची एक नेहमीची तपासणी थांबवण्यात आली. उड्डाणाआधी ब्रेथ ॲनालायझरच्या नळीत फुंकायचे आणि आपण दारू प्यायलेलो नाही हे दाखवून द्यायचे, हा नियम. करोनाच्या दिवसांत एकाच यंत्रात अनेकांनी फुंकणे हाच धोका ठरला, म्हणून जिवाच्या भीतीने केलेला नियम जिवाच्या भीतीनेच बाजूला ठेवावा लागला. पण अशी सवलत द्यायचा अधिकार कोणाचा? ती किती दिवस चालायची, आणि मुदत संपल्यावर नियम खरोखर परत येतो की नाही हे बघायचे कोणी? या प्रश्नांची साखळी शंभर वर्षे मागे जाते.

तिची सुरुवातही एका साथीच्या सावलीतच झाली. 1918 च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून भारतात शिरलेला इन्फ्लुएन्झा जगभर थैमान घालून ओसरत होता, तेव्हा 13 ऑक्टोबर 1919 रोजी पॅरिसमध्ये हवाई वाहतुकीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. विमानाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र हवे, वैमानिकाला परवाना हवा आणि एका देशाने दिलेले कागद दुसऱ्याने मानायला हवेत, ही चौकट तिथे ठरली. भारतात तिला 1934 चा विमान कायदा आणि 1937 चे विमान नियम यांनी रूप दिले.

दुसरे महायुद्ध संपत आले असताना, 7 डिसेंबर 1944 रोजी, 52 देशांनी शिकागो करारावर सह्या केल्या. त्यातून आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, उभी राहिली. या करारातली दोन कलमे इथे महत्त्वाची. कलम 14 नुसार कॉलरा, टायफस, देवी, पीतज्वर, प्लेग अशा रोगांचा विमानांमार्फत होणारा प्रसार रोखणे ही सदस्य देशांची जबाबदारी आहे. कलम 38 सांगते, की एखादे आंतरराष्ट्रीय मानक पाळणे शक्य नसेल तर त्या देशाने ते ताबडतोब इकाओला कळवावे. विमान रोग घेऊन येईल हे करारकर्त्यांनी ओळखले होते. रोगच एक दिवस तपासनिसांना घरी बसवेल, हे मात्र कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

पुढची जवळपास पन्नास वर्षे सगळा कारभार विश्वासावर चालला. देश कळवायचे, बाकीचे मानायचे. त्या विश्वासाला तडा गेला 25 जानेवारी 1990 रोजी. कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचे विमान न्यूयॉर्कजवळ घिरट्या घालता घालता इंधन संपून कोसळले. त्यानंतर, आपल्याकडे येणाऱ्या परदेशी कंपनीवर तिच्या देशातले सरकार किती लक्ष ठेवते, हे अमेरिका 1992 पासून स्वतः तपासू लागली. 1999 मध्ये इकाओने सर्व सदस्य देशांसाठी सक्तीची लेखापरीक्षणे सुरू केली. तपासणाऱ्यालाही तपासणारा आला.

भारताला याचा चटका 2014 मध्ये बसला. देखरेख अपुरी म्हणून अमेरिकेने 31 जानेवारीला भारताची श्रेणी खाली आणली आणि एप्रिल 2015 पर्यंत भारतीय कंपन्यांना अमेरिकेची नवी उड्डाणे मिळाली नाहीत. विमाने तीच होती, वैमानिक तेच होते. उणे पडले होते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए.

अपहरण आणि घातपात रोखणाऱ्या यंत्रणेचीही अशीच चढती भाजणी आहे. इकाओची त्यासंबंधीची मानके 1974 ची. सप्टेंबर 1976 मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले आणि 1978 मध्ये डीजीसीएतच नागरी विमान सुरक्षेचा ब्यूरो निघाला. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातल्या बॉम्बने 329 जणांचे प्राण घेतले, त्यानंतर 1987 मध्ये हा ब्यूरो स्वतंत्र झाला. कंदाहारच्या विमान अपहरणानंतर 2000 पासून विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागले. नियमाची प्रत्येक ओळ अशी कोणत्या ना कोणत्या अपघाताच्या मागून आली.

मग 2020 उजाडले. कॅप्टनला गेल्या 90 दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन उतरणी झालेल्या असाव्या लागतात. ठरावीक काळाने सिम्युलेटरवर परीक्षा द्यावी लागते, वैद्यकीय तपासणी करावी लागते. विमानेच उभी, सिम्युलेटर बंद, डॉक्टर रुग्णालयांत अडकलेले. अक्षरशः नियम पाळायचे ठरवले असते तर औषधे आणणारी मालवाहू विमानेही जमिनीवर राहिली असती. तेव्हा इकाओने कलम 38 चाच धागा पकडून एप्रिल 2020 मध्ये तात्पुरत्या सवलतींची नोंदवही उघडली. कोणता नियम सैल केला, कधीपर्यंत आणि दुसऱ्या देशाची तशीच सवलत आपल्याला मान्य आहे का, हे प्रत्येकाने तिच्यात लिहायचे. ही सरसकट सोय 31 मार्च 2021 ला बंद झाली आणि पुढे मोजक्या बाबींपुरतीच सूट उरली.

खरी परीक्षा उड्डाणे पुन्हा सुरू होताना झाली. उभ्या विमानाच्या वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत किडे घरटी करतात, धूळ साचते. चुकीचा वेग दाखवण्याच्या घटना वाढल्याचा इशारा युरोपच्या नियामकाने ऑगस्ट 2020 मध्ये दिला. त्याआधी जुलैत, सात दिवस किंवा अधिक काळ उभ्या राहिलेल्या जुन्या बोइंग 737 विमानांच्या इंजिनातली एक झडप गंजून अडकू शकते म्हणून अमेरिकेने तातडीच्या तपासणीचा आदेश काढला.

9 जानेवारी 2021 रोजी जकार्ताहून निघालेले श्रीविजया एअरचे 737 समुद्रात कोसळले आणि 62 जण गेले. हे विमान कित्येक महिने उभे होते, त्यामुळे संशय प्रथम तिकडेच वळला. अंतिम अहवालात मात्र वेगळे निघाले. इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणाऱ्या ऑटो-थ्रॉटलमध्ये जुना दोष होता. त्याच्या तक्रारी अनेक वर्षे नोंदल्या जात होत्या आणि दुरुस्तीने तो गेला नव्हता. दोन इंजिनांच्या जोरातला फरक वैमानिकांच्याही वेळीच लक्षात आला नाही.

कराचीची गोष्ट याहून बोलकी. 22 मे 2020 रोजी, देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा पाकिस्तान इंटरनॅशनलचे विमान चाके मिटलेली असतानाच धावपट्टीवर घासले, पुन्हा वर उचलले गेले आणि वस्तीवर कोसळले. विमानातल्या 99 पैकी 97 जण मरण पावले. वैमानिक करोनाबद्दलच बोलत होते, असे पाकिस्तानच्या हवाई वाहतूक मंत्र्यांनी तिथल्या संसदेत सांगितले. त्याच भाषणात 262 वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचेही ते म्हणाले. जुलैपासून युरोपने या कंपनीला दारे बंद केली, ती नोव्हेंबर 2024 पर्यंत. हे परवाने काही साथीच्या काळातले नव्हते.

म्हणून साथीच्या सवलतींनाच सगळा दोष देणे सोपे असले तरी बरोबर नाही. नोंदलेली आणि मुदत घातलेली सूट सगळ्यांना दिसते, तिच्यावर प्रश्न विचारता येतो. घात होतो तो वर्षानुवर्षे चालवून घेतलेल्या, कुठेच न लिहिलेल्या ढिलाईने.

भारतातली घडी हळूहळू बसली. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे 27 मार्च 2022 ला सुरू झाली. जुलैमध्ये लागोपाठच्या बिघाडांनंतर डीजीसीएने स्पाइसजेटची उड्डाणे आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणली. ब्रेथ ॲनालायझरची चाचणी सर्वांसाठी पूर्ववत झाली ती ऑक्टोबर 2022 च्या मध्याला, म्हणजे अडीच वर्षांनी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इकाओचे लेखापरीक्षक आले आणि भारताचा गुणांक 69.95 वरून 85.65 टक्क्यांवर गेला. 2020 च्या दुरुस्ती कायद्याने डीजीसीए आणि सुरक्षा ब्यूरो यांना वैधानिक दर्जाही मिळाला होता.

कागदावर हे सगळे चांगलेच आहे. पण तपासणी कागद करत नाहीत, माणसे करतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने नोंदवले, की डीजीसीएत मंजूर 1,063 पदांपैकी 553 च भरलेली आहेत. विमाने दरवर्षी वाढत असताना निम्म्या मनुष्यबळावर चाललेली देखरेख हीसुद्धा एक सवलतच आहे. ती इकाओच्या कोणत्याही वहीत नोंदलेली नाही आणि तिला मुदतही नाही.